सोडलेल्या पेशी

आमच्या खोलीला तीन वास आहेत. पहिला आंबट, ॲसिडचा. दुसरा शिळ्या रक्ताचा. कचऱ्याच्या लाल डब्याचं झाकण उघडलं की तो येतो आणि केसांत जाऊन बसतो. तिसरा साहेबांच्या दातकोरण्याचा. तिसरा वास मला एकटीलाच येतो, असं चिमणी म्हणते. असेल. चिमणीला या प्रयोगशाळेत येऊन दोनच वर्षं झालीत.

साहेब जेवून येतात ते दातकोरणं ओठांत धरूनच. माझ्या खांद्यावरून सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर वाकतात, दातकोरणं काढतात आणि त्याच ओल्या टोकानं दाखवतात, "हे बघा बाई, हे नऊ नंबर. काय देखणं आलंय!" नऊ नंबरच्या गुणसूत्रावर एक बारीक ठिपका राहतो. ते वळले की मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून तो पुसते. पुसताना श्वास धरते. इतकी वर्षं झाली तरी.

तरीही त्यांचं देणं मी विसरत नाही. या खोलीत मी काचा धुवायला आले होते. शाळा अर्धवट सुटलेली. बाटल्या धुता धुता मागे उभी राहून बघायचे. एकदा मोजणारी बाई आजारी पडली तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही रोज मान वाकडी करून बघता, बसा की." मी बसले. त्या दिवसापासून उठले नाही. डोळे शिकत गेले, बाकीचं पुस्तकांतून, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. प्रमाणपत्र म्हणाल तर आजही नाही.

काम सांगायला सोपं आहे. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, पण ती वेगवेगळी दिसतात फक्त पेशी दुभंगायला निघते तेव्हा. म्हणून रक्त तीन दिवस उबेत ठेवायचं. पेशी वाढीला लागल्या की एका औषधाचे थेंब घालून त्यांना ऐन दुभंगताना अडवायचं. मग पाण्यानं फुगवायचं, ॲसिडनं टणक करायचं आणि काचपट्टीवर थेंब सोडायचा. थेंब सोडण्याआधी मी काचेवर तोंडानं हलकेच 'हा' करते. वाफ धरली की पेशी छान पसरतात. ही खुबी कुठल्याच पुस्तकात मला सापडली नाही, चिमणीलाही मीच शिकवली. मग रंगवायचं आणि मोजायचं. एका माणसामागे वीस पेशी.

आता काचेवर पेशी असतात शेकड्यांनी. त्यातल्या कुठल्या वीस? इथं आमच्या खोलीचा रिवाज येतो. टोमॅटो घेताना आपण जसे हात फिरवत जातो, डागाळलेला, चेपलेला बाजूला सारत, तसं. नीट पसरलेली, काड्या सरळ, कुणी कुणावर चढलेलं नाही, अशी पेशी घ्यायची. बाकीच्यांना आम्ही 'घाण' म्हणतो. "घाण सोडा, पुढं चला," हे साहेबांचं वाक्य. आमच्या अहवालातले फोटो बघून बाहेरचे लोक तोंडात बोट घालतात. साहेबांचे शर्ट आणि साहेबांचे फोटो, दोन्हींवर एकही चुणी नसते. म्हणून चिमणीनं त्यांचं नाव 'इस्त्री' ठेवलंय.

मोजणीच्या कागदावर खाली एक रकाना छापलेला आहे: सोडलेल्या पेशी. त्यात आम्ही आडवी रेघ मारतो. साहेबांच्या मते तो रकाना भरणं म्हणजे पाहुण्यांना आधी न्हाणीघर दाखवणं.

पण मी भित्री. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला कुणीही कधीही विचारू शकतं, हे काय केलंत म्हणून. सूक्ष्मदर्शकाच्या फळीवर दोन पट्ट्या असतात, आडवी आणि उभी. त्यावरचे दोन आकडे म्हणजे पेशीचा पत्ता. घेतलेल्या पेशींचे पत्ते सगळेच लिहितात. मी पहिल्या दिवसापासून सोडलेल्यांचेही लिहीत आले, माझ्या स्वतःच्या वहीत, पुढे 'घा' असं लिहून. चिमणी हसते. "मावशी, तुम्ही कचऱ्याचीपण हजेरी घेता."

त्या दिवशी खिडकीशी मी होते. आमच्याकडे नमुने घ्यायला भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे, खाली सरकती फळी. पलीकडे एक बाई आली. कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. मुलगी अडीच वर्षांची, चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणून, दिसायला वर्षाची. डोकं एवढंसं. डोळे मात्र मोठ्या माणसाचे.

रक्त घ्यायला माणूस येईपर्यंत बाईनं पिशवीतून एक निळा डबा काढला. दुधात कुस्करलेलं केळं, काळं पडत चाललेलं. तिनं मुलीचं डोकं काखेत दाबलं, दोन बोटांनी नाक चिमटलं आणि श्वासासाठी तोंड उघडलं तसा चमचा आत घातला. मुलगी रडलीसुद्धा नाही. तिनं घास गालात धरून ठेवला. दुसरा चमचा. तिसरा. चौथ्याला सगळं बाहेर आलं: फळीवर, चिठ्ठीवर, माझ्या बाहीवर. कोमट, आंबूस, तारा धरणारं.

"अहो, काय करताय!" मी ओरडले.

"तिला ओकायची सवयच आहे, ताई," बाई फळी पुसत म्हणाली. तोंडावर ना राग, ना लाज. "ओकलं की परत भरवायचं, असं सांगितलंय."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

आणि तिनं खरंच चमचा परत डब्यात बुडवला. मी तोंड फिरवलं. मनात म्हटलं, काय बाई तरी! असली आई असल्यावर पोर वाढेल कसं? बाही नळाखाली धरली, तीनदा साबण लावला. दुपारी माझा जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

चार दिवसांनी त्या मुलीची स्लाइड माझ्या पुढ्यात आली.

पहिली पेशी घाण निघाली. दुसरीही. गुणसूत्र म्हणजे शेजारी शेजारी दोन काड्या, मध्ये एका गाठीनं बांधलेल्या. इथं गाठ सुटून दोन्ही काड्या सुट्या पडलेल्या, दाराबाहेर काढलेल्या चपलांच्या जोडासारख्या. सवयीनं पुढे सरकले. तिसरी तशीच. चौथी तशीच.

"चिमणे, औषध जास्त वेळ राहिलं का ग?" हे असं होतं कधी कधी, थेंब जास्त पडले किंवा घड्याळाकडे लक्ष नसलं तर गाठी सुटतात. म्हणून तर आम्ही अशा पेशींना डोळे झाकून घाण म्हणतो.

"नाही हो मावशी. सातही नमुन्यांना एकाच बाटलीतलं, एकाच वेळी घातलं. गजर लावून."

"मग हिचेच असे कसे?"

"थेंब मोठा पडला असेल. सोडा ना. चांगल्या वीस मिळतील शोधल्या तर."

मिळाल्या असत्या. शोधलं की मिळतातच. पण मी बाकीच्या सहा स्लाइड्स एकामागून एक लावून पाहिल्या. साही स्वच्छ. एक बाटली, एक गजर, आणि घाण एकाच पोरीच्या वाट्याला? मी परत तिच्या स्लाइडवर आले आणि जे आजवर केलं नव्हतं ते केलं. घाण मोजायला बसले.

पहिलीत सत्तेचाळीस. दुसरीत पंचेचाळीस. मग शेहेचाळीस, मग अठ्ठेचाळीस, मग चव्वेचाळीस. जास्तीचं गुणसूत्र दर वेळी वेगळं, कमी झालेलंही वेगळं. जणू वाटणी करायला बसलेल्याला मोजताच येत नव्हतं.

चिमणी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिची चिवचिव थांबली की समजावं, काहीतरी खरं आहे.

"मावशी, हे मी परीक्षेला वाचलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "एक जीन असतं. बीयूबी-वन-बी. आम्ही पोरी त्याला बब्या म्हणायचो, पाठ व्हावं म्हणून."

"काय करतो तुझा बब्या?"

"त्याच्यापासून एक प्रथिन बनतं, कायनेज जातीचं. पेशी दुभंगताना राखण करतं. सगळी गुणसूत्रं दोन्हीकडच्या दोऱ्यांना बांधली गेली की नाही ते बघायचं आणि तोवर म्हणायचं, अजून नाही, अजून नाही."

मला ते लगेच पटलं. गावाला निघताना घरात एक बाई असतेच अशी. सगळे रिक्षात बसलेले, ती दारात उभी. गॅस बंद केला का, धाकटा कुठाय, पिशव्या किती होत्या. सगळे वैतागतात तिच्यावर. पण ती नसली तर निम्मी माणसं घरी राहतात आणि शेजारचं पोर गाडीत येतं.

"आणि हिच्यात तो नसेल तर?"

"आईकडून एक आणि बापाकडून एक, दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर असं होतं म्हणे. डोकं लहान राहतं, वाढ होत नाही." चिमणी थांबली. "आणि मावशी, मूत्रपिंडात गाठ होऊ शकते. लहानपणीच. दर तीन महिन्यांनी पोट तपासत राहावं लागतं. वेळेत सापडली तर काढता येते."

मी चिठ्ठी परत वाचली. केळ्याच्या डागाखाली डॉक्टरांची ओळ होती: 'चौदा महिन्यांपूर्वी हीच तपासणी, याच प्रयोगशाळेत. नॉर्मल. परत करावी.'

याच प्रयोगशाळेत. म्हणजे याच खुर्चीत.

वही काढली. चौदा महिने मागे गेले. पान सापडलं, अक्षर माझंच. वीस पत्ते घेतलेले, समोर शेहेचाळीस, शेहेचाळीस, शेहेचाळीस. आणि त्यांच्या मधूनमधून 'घा'. 'घा'. 'घा, घा, घा'. मोजले. एकतीस.

वीस देखण्या मिळवायला मी एकतीस सोडल्या होत्या.

जुनी स्लाइड कपाटात होती. लावली, पट्ट्या जुळवल्या, पहिल्या 'घा'च्या पत्त्यावर गेले. चपलांचे जोड. पुढच्या पत्त्यावर चपलांचे जोड, सत्तेचाळीस. एकतीसही पत्त्यांवर जाऊन आले. मग मी मोरीशी गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी. तोंड धुताना बाहीचा वास आला. बाही चार दिवसांपूर्वीच धुतली होती, वास येणं शक्य नव्हतं. तरी आला.

साहेब जेवून आले. मी दोन्ही स्लाइड्स दाखवल्या, वही दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. दातकोरणं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं.

"औषध जास्त झालंय," ते म्हणाले.

"बाकीच्या सहा स्वच्छ आहेत, साहेब. आणि चौदा महिन्यांपूर्वीची बाटली वेगळी होती."

दातकोरणं बाहेर आलं. त्यांनी ते पडद्याला टेकवलं, एका सुटलेल्या गाठीवर, आणि तिथंच धरून ठेवलं. थुंकीचा ठिपका हळूहळू खाली ओघळला.

"बाई, आपण असं करू. या वेळी पेशी वाढल्याच नाहीत म्हणून कळवू. परत रक्त मागवू. दोन-तीन महिन्यांनी येतील, तेव्हा नव्यानं सापडेल. जुन्या अहवालाला हात लावायला नको."

"दोन-तीन महिन्यांत पोटात गाठ झाली तर?"

"होईलच असं नाही ना."

"नाही होणार असंही नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात का?" हे ते रागानं नाही म्हणाले, प्रेमानंच म्हणाले. "तुमच्यासाठी सांगतोय. मोजणी तुमच्या हातची आहे. उद्या कुणी विचारलं, मोजणारीचं शिक्षण काय, तर मी काय सांगू? आणि ती वही, ती काही आपल्या कामाचा भाग नाही. घरी न्या. किंवा टाकून द्या. उगाच घाण साठवायची कशाला?"

चिमणी तोंड खाली घालून बाटल्या लावत होती. एकच बाटली ती चौथ्यांदा लावत होती.

मला त्या वेळी धाडस वगैरे काही वाटलं नाही. मला किळस आली होती, एवढंच. त्यांची, माझी, त्या इस्त्रीच्या फोटोंची. दाढेत अडकलेली वस्तू जिभेला जशी गप्प बसू देत नाही, तसं झालं होतं.

मी कोरा कागद घेतला. नवी मोजणी भरली, घेतलेल्या आणि सोडलेल्या सगळ्या. दुसरा कागद घेतला, जुन्या स्लाइडचा. त्यावर रकान्यात लिहिलं, सोडलेल्या पेशी: एकतीस. पत्त्यांसकट. दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पेनाला हात लावला नाही. त्यांच्या सहीशिवाय अहवाल जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.

पण चिठ्ठीवर डॉक्टरांचा फोन नंबर होता. केळ्याखाली एक आकडा पुसट झाला होता, तो मी भिंगानं वाचला.

"कोण बोलतंय?" डॉक्टरीणबाईंचा आवाज घाईतला.

"मी प्रयोगशाळेतली मोजणारी. तुमच्या त्या लहान डोक्याच्या मुलीबद्दल बोलायचंय. डॉक्टर, तुम्ही जुनी स्लाइड मागवा. दोन्ही मागवा. आणि तिच्या पोटाची तपासणी आजच करा, अहवालाची वाट बघू नका."

"असं तुमचे साहेब म्हणतात?"

"नाही. मी म्हणते. पहिल्या वेळी मीच चुकले होते."

त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. आणि मग जे पाहिलं ते आधीच्या सगळ्यापेक्षा ओंगळ होतं. साहेब दारापर्यंत सामोरे गेले. खुर्ची दिली. सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. "आमच्याकडे जुनी प्रकरणं पुन्हा तपासायची पद्धत आहे," म्हणाले. "त्यात हे आमच्या लक्षात आलं." आणि दातकोरणं काढून, त्याच टोकानं, एकेक सुटलेली गाठ दाखवू लागले. "हे पाहा. काय सुंदर दिसतंय! शेकडा साठ पेशी. दुर्मीळ आहे हे." चौदा महिन्यांची घाण एका रात्रीत सुंदर झाली होती. सही तर त्यांनी अशी केली, जणू लग्नाच्या नोंदवहीत करताहेत.

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. जाताना पडद्यावरच्या ठिपक्याकडे पाहून त्यांनी नाक मुरडलं. म्हणजे वास मला एकटीला येत नव्हता.

जीनची तपासणी बाहेर पाठवली. दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, एक आईकडची, एक बापाकडची. पोटात मात्र काही नव्हतं. आज नव्हतं. तीन महिन्यांनी परत बघायचं, मग परत तीन महिन्यांनी, ती मोठी होईपर्यंत.

अहवालाची प्रत न्यायला आई आली. मुलगी कडेवर, पिशवी खांद्याला. साहेब त्या दिवशी खिडकीशीच घुटमळत होते.

"मागच्या वेळी नॉर्मल म्हणून लिहिलं होतं," बाई म्हणाली. भांडायचा सूर नव्हता, विचारत होती. "ते कसं काय?"

"औषधाचा दोष होता," साहेब पटकन म्हणाले. "कधी कधी यंत्रातही..."

"मी मोजलं होतं, ताई," मी म्हटलं. "यंत्र नाही, औषध नाही. मला त्या पेशी घाण वाटल्या म्हणून मी सोडून दिल्या. एकतीस."

साहेब आत निघून गेले.

बाई माझ्याकडे बघत राहिली. "नॉर्मल आलं म्हणून सगळे म्हणाले, मीच खायला घालत नाही. सासूबाई म्हणाल्या, हे म्हणाले, माझी आईसुद्धा म्हणाली. मग मी नाक दाबून भरवायला लागले." तिनं मुलीच्या नाकावरून बोट फिरवलं. मुलीनं ताबडतोब तोंड मिटून मान काखेत घातली. "आता बोट जवळ नेलं तरी अशी करते. पापी घ्यायला गेले तरी. चौदा महिने, दिवसातून चार वेळा. मला वाटायचं, मी तिला जगवतेय."

माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी ओळखली. याच खिडकीतून, उलट्या बाजूनं, मी तिच्याकडे तसंच पाहिलं होतं. बाही धुताना. काय बाई तरी!

मग तिनं पिशवीतून निळा डबा काढला, चमचा आत तसाच. फळीवर ठेवला, नमुन्याची बाटली ठेवतात तसा, आणि फळी माझ्याकडे सरकवली.

"हा ठेवून घ्या," ती म्हणाली. अहवाल घडी करून पिशवीत घातला आणि गेली. जाताना मुलगी तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. माझ्याकडे नाही, डब्याकडे. तो येत नाही ना मागून, हे बघत.

डबा मी मोरीशी नेला. झाकण काढलं तसा भपकारा आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. घास काळा पडून बुडाशी चिकटला होता, झाकणाच्या खाचेत जुन्याच्या थरावर नवा थर बसला होता. कितीतरी दिवसांचा. लाल डबा हाताशीच होता. पण मी नळ सोडला. एके काळी धुणं हेच माझं काम होतं.

चिमणी मागे येऊन उभी राहिली. नाक पदरानं धरून म्हणाली, "ई, मावशी! टाका ना ते. कशाला हात घालताय?"

"सुई आण एक बारीक," मी म्हटलं. "खाचेतलं निघत नाहीये."